एक नंबरचं मशीन

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, बी विंगमधून हा कसला वास येतोय, प्लीज बघा जरा. त्याखाली नाक दाबलेली पिवळी तोंडं ओळीनं आली. वास माझ्याच बाल्कनीतून येत होता. पनवेलच्या बाजारातून आणलेले सुके बोंबील मी जुन्या ओढणीवर पसरून त्यांना ऊन दाखवत होते. गुपचूप गेले, ओढणीची टोकं एकत्र धरली, गाठोडं आत आणून बाथरूममध्ये ठेवलं आणि वर उदबत्ती लावली. मग पलंगाच्या कडेवर बसले आणि कान गरम झाले. मिठागरावर राबलेल्या माणसाची नात मी, आणि बोंबलांना उदबत्तीचा धूर देत बसले होते.

आमच्याकडे या दिवसांना आगोट म्हणतात. पाऊस तोंडावर आलेला असतो, होड्या किनाऱ्याला ओढायची वेळ झालेली असते, आणि पुढचे महिने ताजी मासळी मिळणार नाही म्हणून घराघरांत सुकं भरून ठेवायची घाई उडते. बोंबील, जवळा, सुकट, वाकट्या. त्यातच मिरच्या वाळतात, मसाला कुटून आणायचा असतो, डबे उन्हात पालथे पडलेले असतात. हवेत इतका ओलावा असतो की पापडही धड वाळत नाही, आणि इतकं ऊन असतं की माणूस मात्र वाळून जातो. मला हा ऋतू आवडतो असं मी लोकांना सांगते. खरं सांगायचं तर तो आला की मला आधी लाज आठवते. इतरांना पहिलं प्रेम वगैरे आठवत असेल. मला आमची नवीन पनवेलची गल्ली आठवते, आणि दारादारात हात जोडून उभे राहिलेले बाबा.

बाबा आमच्या गावातले पहिले कॉम्प्युटरवाले. त्यांचे वडील मिठागरावर, चुलते शेतावर, आणि बाबा मात्र एका कारखान्याच्या काचेच्या खोलीत. त्या खोलीत कपाटाएवढं एक मशीन होतं आणि ते चालवायचं, त्याला टेप भरवायच्या, त्याचे कागद फाडून साहेबांकडे पोचवायचे, हे बाबांचं काम. एसी फक्त मोठ्या साहेबाला आणि त्या मशीनला, असं ते अभिमानानं सांगत. मे महिन्यात गावाला गेले की म्हाताऱ्या बायका त्यांच्या हाताला हात लावून बघायच्या, अजून गार आहे का म्हणून. बाबांचा आवाज मोठा. जत्रेत माईक बंद पडला तर लोक बाबांना पुढे करत. घरात ते कुजबुजले तरी खालच्या मजल्यावर ऐकू जायचं.

पण त्या काचेच्या खोलीत एवढ्या आवाजाचा काही उपयोग नव्हता. एसीची घरघर, टेपची घुं घुं, आणि प्रिंटर सुरू झाला की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा कल्ला. दोन टोकांना दोन टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, एकावर बाबा आणि दुसऱ्यावर त्यांचे जोडीदार जनार्दनकाका. कोण ओरडत बसणार? मशीनमध्येच एक सोय होती. हुकूम दिला की स्क्रीन मधोमध दुभागायची, वरच्या अर्ध्यात आपण टाइप केलेलं आणि खालच्या अर्ध्यात दुसऱ्यानं टाइप केलेलं, अक्षर न अक्षर, खोडलेलंसुद्धा. त्यावर हे दोघं इंग्रजी मोठ्या अक्षरांत आगरी लिहायचे. डबा काय आणलाय, साहेब कुठंय, पोरीचं लग्न ठरलं, बैल मेला. सगळं आयुष्य हिरव्या अक्षरांत. बाबा सांगायचे, कित्येक वर्षं जोडीनं काम केलं, पण जनाचा आवाज मी येता-जाता कारखान्याच्या गारीतच ऐकला.

मग मशीन भंगारात गेलं. त्यानंतर कारखानाही बंद पडला. बाबांनी आणि काकांनी मिळालेल्या पैशांतून नवीन पनवेलमध्ये एकाच गल्लीत घरं घेतली होती, समोरासमोरच्या रांगांत. संध्याकाळी दोघं सुकापूरच्या रस्त्यानं फिरायला जायचे, तेव्हा तिथं अजून भाताची शेतं होती. बाबा बोलायचे आणि काका ऐकायचे. काका मुळातच कमी बोलणारे.

मी कॉलेजात असताना काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाजाची पेटीच काढून टाकली. गळ्याला भोक, त्यावर मलमलीचा छोटा रुमाल, आणि श्वास घेताना बारीक शिटीसारखा सूर. बाबा हॉस्पिटलात एकदाच गेले. काकांनी सवयीनं तोंड उघडलं, ओठ हलले आणि काही आलं नाही. बाबा म्हणे तेव्हा खिडकीबाहेर बघत राहिले. घरी आल्यावर आईनं विचारलं, तर म्हणाले, "तब्येत बरी हाय." त्यानंतर काका घरी आले, चालू-फिरू लागले, गॅलरीत बसू लागले, पण बाबा काही गल्ली ओलांडेनात. सुकापूरच्या रस्त्यानं जायचे ते मागच्या गेटनं.

"जा ना हो एकदा," आई म्हणायची. "काय वाटेल त्याला?"

"जाऊन करू काय? मी बोलायचा नि त्यानं ऐकायचा?" आणि मग, नेहमीच्या त्या दणदणीत आवाजात नाही, तर खाली बघून, "मना माज्या आवाजाची लाज वाटते गो."

हे मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकलं. आजवर कुणाला आपल्याजवळ असलेल्या चांगल्या गोष्टीची अशी लाज वाटलेली मी पाहिली नव्हती. मला वाटायचं लाज कमीपणाची असते. मला वाटायची ती तशीच होती, इंग्रजी धड येत नाही याची, डब्यातल्या जवळ्याची, आईच्या "हाय-नाय"ची. बाबांची लाज वेगळ्या जातीची होती, आणि ती मला फार उशिरा कळली.

मी तेव्हा आयटीच्या वर्गात होते आणि नुकतंच एक नवं खूळ ऐकलं होतं. जगभरातल्या हौशी लोकांनी असे प्रोग्राम लिहिले होते की आजचा साधा पीसी आपल्या पोटात एखाद्या जुन्या मशीनचं हुबेहूब सोंग उभं करतो. त्याला एम्युलेटर म्हणतात. बहुरूपी खाकी घालून दारात येतो तेव्हा तो पोलीस नसतो हे आपल्याला ठाऊक असतं, पण चाल, दटावणी, शिट्टी सगळी अस्सल असते, तसंच. कपाटाएवढं मशीन गेलं, टेप गेल्या, एसी गेला. राहिली ती फक्त त्याची रीत. सुट्टी लागली होती. मी बाबांच्या त्या मशीनचं सोंग आमच्या पीसीत उभं केलं आणि काही न सांगता त्यांना खुर्चीत बसवलं. काळ्या पडद्यावर मशीननं नाव विचारलं. बाबांनी चष्मा पुसला. त्यांच्या बोटांना सगळं पाठ होतं. त्यांनी एकामागून एक हुकूम सोडले आणि मशीन मुकाट ऐकत गेलं. आईला हाक मारून म्हणाले, "अगो, आपला मशीन आयला!"

त्याच संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं करून, "दुसरा टर्मिनल लावता येल का गो याला? लांबून?" कुणासाठी ते बोलले नाहीत.

आता आमच्या गल्लीच्या नेटबद्दल सांगायला हवं. तेव्हा घरोघरी इंटरनेट यायचं ते केबलवाल्याकडून. सुनीलभाऊ टीव्हीची केबल देता देता नेटही देऊ लागला होता. गच्चीवरून गच्चीवर निळ्या वायरी टाकलेल्या, जिन्यात पत्र्याच्या पेट्या, आणि अख्खी गल्ली एकाच जाळ्यात. प्रत्येक घराच्या कॉम्प्युटरला सुनीलभाऊनं एकेक नंबर दिलेला. स्वतःच्या पेटीला त्यानं एक नंबर ठेवला होता. बाहेरच्या जगात जायचं ते त्या एक नंबरच्या दारातूनच.

म्हणजे काकांच्या घरचा पीसी आणि आमचा पीसी आधीच एका वायरीवर होते. फक्त पोटातल्या सोंगाला वायरीपर्यंत आणायचं होतं. ऐकायला सोपं वाटतं. मी कितीतरी दुपारी त्यात घालवल्या. एम्युलेटरला आमच्याच नेटवर्क कार्डातून, पण स्वतःच्या वेगळ्या नंबरानं बोलायला शिकवायचं. मी त्याला पन्नास नंबर दिला, त्या नंबरावर कुणी नव्हतं. मशीन म्हणे सगळं ठीक आहे, आणि आमच्या पीसीवरून हाक मारावी तर उत्तर नाही. पुन्हा सगळं पुसून पुन्हा मांडायचं. घामानं हात चिकट व्हायचे, आई शेजारी बसून मिरच्यांचे देठ काढायची आणि मी शिंकत शिंकत तेच तेच हुकूम द्यायची.

शेवटी हात टेकून इंटरनेटवर कुणा परक्या माणसाला विचारलं. त्यानं कळवलं, की मुली, तुझं काही चुकलेलं नाही. या रचनेत असं होतं, तुझ्या मशीनला अख्खी गल्ली दिसत असेल. फक्त ज्याच्या पोटात ते बसलंय, तो कॉम्प्युटर तेवढा त्याला दिसत नाही. दुसऱ्याच्या घरून हाक मारून बघ.

दुसरं घर म्हणजे काकांचंच. बाबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "तू जाऊन ये." मी गेले. काकांनी दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मी एकटीच होते. त्यांच्या श्वासाची ती शिटी ऐकून मी उगाच हसले, उगाच भराभर बोलले, आणि त्यांच्या गळ्याकडे बघायचं नाही म्हणून भिंतीवरच्या देवांच्या फोटोकडे बघत राहिले. त्यांच्या मुलाच्या पीसीवर बसून मी पन्नास नंबरला हाक मारली. तत्क्षणी काळ्या पडद्यावर मशीननं नाव विचारलं. काकांनी मला खुर्चीतून उठवलं. हातानं नाही, नुसतं मागे उभं राहून.

त्या दुपारी स्क्रीन पुन्हा दुभागली. मी घरी परतले तेव्हा बाबा दोन बोटांनी टाइप करत होते आणि खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. हसत होते. मी वाकून पाहिलं तर खालच्या अर्ध्यात काकांची अक्षरं एकेक करून उमटत होती, तुजा टायपिंग अजून गाढवासारा हाय. बाबांना आवाज न काढता बोलता येत होतं. खोलीत फक्त पंखा आणि कळांची टकटक.

पुढचे काही दिवस हेच. जेवण झालं की टकटक. आई म्हणायची, "दोगं सामनेसामने राहतात नि वायरीवर बोलतात!" पण आवाजात राग नव्हता. एके दिवशी काकांनी लिहिलं, आपला मशीन कारखान्यात एक नंबरचा होता ना रं? हा पन्नास कवा झाला? खरंच, कारखान्यातल्या मशीनांना नंबर होते आणि मान पाहून दिलेले होते. गोदामातलं मशीन तीन, हिशेबाचं दोन आणि यांचं एक. बाबांना ते लागलं. घराच्या पाटीवर कुणी भलतंच नाव लिहावं तसं त्यांना झालं. मला ते काही बोलले नाहीत. मशीनचा नंबर बदलायचा हुकूम त्यांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आई मसाला कुटायला डंकावर गेलो, तेव्हा या दोघांनी आपापसांत ठरवून पन्नासचा एक केला.

तो बारावीच्या निकालाचा दिवस होता.

आम्ही मसाल्याचा डबा घेऊन परतलो तेव्हा गल्ली भरलेली होती. पोरं गॅलरीत, बायका जिन्यात, कुणी मोबाइल कानाला लावून केबलवाल्याला शिव्या घालतंय. कुणाच्याच घरी निकाल उघडत नव्हता. सुनीलभाऊ घामानं भिजून एकेक पेटी उघडत होता, एकेक वायर काढून बघत होता. मला अजून काहीच कळलं नव्हतं. उलट मी आईला म्हटलं, बरं झालं आपल्याकडे या वर्षी बारावीचं कुणी नाही.

आज मला त्या गोंधळाची गंमत कळते. गल्लीतले सगळे कॉम्प्युटर बाहेर जायचं दार म्हणून एक नंबरकडे धावत होते, आणि कितीएक आमच्या मशीनवर येऊन धडकत होते. त्या बिचाऱ्याला निकालातलं काय कळणार? ते मुकाट उभं होतं. आणि सबंध गल्लीत त्या वेळी एकच गोष्ट सुरळीत चालू होती. दोन मित्र निवांत गप्पा मारत होते.

सुनीलभाऊनं आमच्या जिन्यातली वायर उपटली आणि गल्लीभर आरोळी उठली, आलं आलं आलं! तो तसाच वर आला. मागून पाच-सहा जण. दार उघडंच होतं. बाबा स्क्रीनसमोर, समोरून अक्षरं येणं अचानक थांबलं म्हणून गोंधळलेले.

"काका, तुमच्या घरातनं कुणीतरी माझ्या नंबरवर बसलंय बघा. सगळी गल्ली डाऊन केलीत तुम्ही." सुनीलभाऊ चिडून नाही, दमून बोलत होता. मग त्यानं पडद्याकडे पाहिलं. "हे काय चालवताय? गेम आहे का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरलेले नाही. मी पडद्यावरचा नंबर पाहिला आणि मला सगळं समजलं. मी हळूच म्हटलं, "बाबा, एक नंबर त्यांचा आहे." मागच्यांपैकी कुणीतरी हसलं. एका बाईंनी विचारलं, "आजोबा खेळत होते होय?" बाबा तेव्हा साठीचेही नव्हते. त्यांना आजोबा कुणी म्हणत नसे. ते उठून उभे राहिले, कुठंतरी हात ठेवायला हवेत म्हणून खुर्चीच्या पाठीवर ठेवले आणि म्हणाले, "माजा चुकला." त्यांचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. त्यांना पुन्हा म्हणावं लागलं.

संध्याकाळी त्यांनी पांढरा शर्ट घातला. ज्या ज्या घरात बारावीचं मूल होतं त्या घरी ते गेले आणि मला बरोबर घेतलं, कारण नेमकं काय झालं ते कुणी विचारलं तर सांगायला कुणीतरी हवं. दार उघडलं की बाबा हात जोडायचे. "सकाळी आमच्यामुळे तुमचा खोळंबा झाला, माफ करा." गावात कुणाच्या बैलानं दुसऱ्याचं शेत खाल्लं की धनी असाच दारात जायचा, हे मला पुढं आईनं सांगितलं. तेव्हा मला फक्त वाटत होतं की जमीन दुभंगावी. मी दारातल्या चपला बघत राहायची. कोल्हापुरी, रबरी, शाळेचे बूट. कोणत्या घरी कोणत्या चपला होत्या ते अजून सांगू शकेन. निकालाच्या कौतुकात बहुतेकांचं आमच्याकडे लक्षही नव्हतं. एका घरी मुलगी पहिल्या वर्गात आली होती, तिच्या आईनं आमच्या हातावर पेढे ठेवले. एका घरी पोरगा नापास झाला होता आणि त्याचे वडील म्हणाले, "नेट नव्हतं तेच बरं होतं हो, दोन तास सुखाचे गेले." बाबा हसायचा प्रयत्न करत होते. त्या पांढऱ्या शर्टात ते बारीक दिसले.

फक्त एका घरी ते गेले नाहीत. तिथं तर वायर उपटली तेव्हा समोर अर्धं वाक्य तुटलेलं होतं.

घरी येऊन त्यांनी पीसीवर जुनी चादर टाकली. मी म्हटलं, बाबा, यात काही नाही, पुन्हा पन्नास केलं की झालं. सुनीलभाऊलाही चालणार होतं, तो स्वतःच म्हणाला होता, फक्त माझा नंबर सोडा काका, बाकी कुठलाही घ्या. बाबा म्हणाले, "नको. बस झाला. लोकांच्या तोंडात कशाला जायचा?" गल्लीतली पोरं तोवर त्यांना बघून एक नंबर, एक नंबर असं म्हणू लागली होती. वाईट हेतूनं नाही. पण त्यांनी फिरायला जायचंच बंद केलं. मागचं गेटही बंद. दिवसभर बनियनवर, वर्तमानपत्र उलटंसुलटं करत. आणि त्यांचा आवाज, ज्या आवाजाची आधी त्यांना एकाच माणसापुढे लाज वाटायची, तो आता सगळ्यांसमोरच बसला.

आईनं बोंबील भरले, जवळा भरला, दरवर्षीप्रमाणे काकांच्या घरचा वाटा वेगळा बांधला. दरवर्षी तो बाबा द्यायचे. या वेळी म्हणाले, पोरीला पाठव. मी पिशवी नेऊन दिली. काकांनी दार उघडलं आणि परत माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

आभाळ भरून यायला लागलं होतं, एवढं आठवतं. दुपारी आई डब्यांना झाकणं घालत होती आणि जिन्यात तो बारीक सूर ऐकू आला. थांबत थांबत, एकेक पायरी चढत तो वर येत होता. आम्ही तिघंही ओळखून चुकलो. बाबा उठले, परत बसले, परत उठले. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत पळाले, खरं तर त्या रुमालाकडे बघावं लागू नये म्हणून. हातात तांब्या घेऊन ओट्याशी उभी राहिले, आणि ती माझी लाज आजही जशीच्या तशी आहे.

बाहेर आले तर काकांनी पीसीवरची चादर काढून नीट घडी घालून बाजूला ठेवली होती. मला त्यांनी बोटानं खूण केली, चालू कर. मी वायरीचा प्रश्नच न काढता मशीन उभं केलं. काका बसले. नाव घातलं. दुभागणाऱ्या स्क्रीनचा हुकूम त्यांनी दिलाच नाही, दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतंच. बाबा त्यांच्या मागे, खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. जिथं मशीनला हुकूम द्यायचे तिथंच काकांनी बाबांच्या नावानं टाइप केलं, मोठ्या अक्षरांत, सावकाश.

बालाराम, घर लांब हाय का रं?

आणि कळ दाबली. हा हुकूम मला कळत नाही, अशी एक ओळ मशीननं खाली टाकली.

बाबांना कळला. त्यांचा चेहरा असा झाला की आईनं हातातलं झाकण खाली ठेवलं. मग त्यांनी आईच्या पुढचं स्टूल ओढलं, काकांच्या शेजारी बसले आणि कीबोर्ड आपल्याकडे घेतला. नाय, त्यांनी लिहिलं. मशीन म्हणालं, हा हुकूम मला कळत नाही. बाबांनी पुन्हा लिहिलं, माजा चुकला जना. मशीन म्हणालं, हा हुकूम मला कळत नाही. काकांचे खांदे हलायला लागले. त्यांना हसता येत होतं, नुसता श्वास शिटीसारखा वाजत होता आणि रुमाल उडत होता, आणि या वेळी बाबा खिडकीकडे न बघता सरळ त्यांच्याकडे बघत मोठ्यानं हसले. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असणार.

त्यानंतर काका दर दुपारी यायचे, नाहीतर बाबा जायचे, पुढच्या गेटनं. एकच कीबोर्ड, आळीपाळीनं, आणि दर ओळीला मशीनची कुरकुर. मी ज्यासाठी सुट्टी घालवली, कितीतरी दुपारी आणि शिंका खर्च केल्या, ते नेटवर्क कुणालाच लागलं नाही. काही पावसाळ्यांनी काका गेले. त्यांच्या दिवसकार्याला बाबा बोलले आणि माईक नव्हता.

मी आता करंजाड्यात राहते. हल्ली आई-बाबांच्या घरी मी सगळं बसवून दिलंय. चांगला राउटर, मोठा टॅब, हॉलमध्ये एक छोटा कॅमेरा, म्हणजे ऑफिसातूनही दोघं दिसतात. रोज व्हिडिओ कॉल करते. बाबांना कमी ऐकू येतं, ते माझ्या ओठांकडे बघतात आणि मी माझ्या कामाच्या खिडकीकडे. या वर्षीचा त्यांचा बोंबलांचा वाटा मी ओळखीच्या रिक्षावाल्याबरोबर पाठवून दिला होता आणि पोचल्याचं कॅमेऱ्यात बघितलं होतं. होळीपासून मी त्या घरी गेलेच नव्हते. रिक्षा जेवढ्या वेळात पोचते तेवढाच वेळ मलाही लागला असता.

रविवारी उदबत्तीच्या धुरात बसले असताना हे सगळं असं ओळीनं माझ्यापुढं आलं, आणि तो जुना प्रश्न मला कुणी टाइप करून विचारायची गरज राहिली नाही. गाठोडं उचललं. लिफ्टमध्ये एका बाईंनी नाक मुरडलं, मी म्हटलं, बोंबील आहेत, आईच्या गच्चीवर वाळवायला नेतेय.

बेल वाजवली. आतून पावलं आली, सावकाश. बाबांनी दार उघडलं, मला पाहिलं, माझ्या हातातलं गाठोडं पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "काय गो, नेट गेला का तुमचा?"

मी खाली बघून चपला काढत राहिले.